आई मराठी आणि वडील आफ्रिकन असलेल्या मुलाला मराठी नाटक-सिनेमात जागा आहे का?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुमचा मुलगा 19 वर्षांचा आहे, त्याचे वडील घानाचे, तुम्ही नाशिकच्या सिडकोत राहता आणि त्याला नट व्हायचंय. नातेवाईक सांगतात की याला गुंडाच्या नाहीतर परदेशी माणसाच्या भूमिका मिळतील, बाकी काही नाही. हे खरं आहे का, आणि अशा मुलाने स्वतःला नेमकं काय समजावं, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

मी नाशिकचाच आहे. आई नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरीला होती. वडील केनियातल्या किसुमूचे. पुण्याला शिकायला आले आणि पुढे सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये लागले, तिथूनच रिटायर झाले. कॉलेजपासून मी हौशी नाटकं करतोय. पोट चालतं ते डबिंगवर आणि हिंदी-मराठी मालिकांतल्या छोट्या भूमिकांवर. तेव्हा ऐकीव काही सांगत नाही.

नातेवाईक सांगतात ते आज बरंचसं खरं आहे. मला आलेल्या भूमिका सांगतो, म्हणजे अंदाज येईल: अमली पदार्थ विकणारा, पबच्या दारातला बाउन्सर, व्हिलनच्या मागे हाताची घडी घालून उभा असलेला माणूस, वेस्ट इंडिजचा बॉलर, लग्नात गंमत म्हणून नाचणारा परदेशी पाहुणा, आणि ऐतिहासिक मालिकेत सिद्दीचा सैनिक. कास्टिंगच्या ग्रुपवर मेसेज येतो त्यात वय, उंची आणि पुढे 'लूक: आफ्रिकन' एवढंच लिहिलेलं असतं. त्या माणसाचा स्वभाव काय, तो कुठून आलाय, त्याला काय हवंय, यातलं काहीही नसतं. वाणी, शिक्षक, तलाठी, नायकाचा मोठा भाऊ यांच्यासाठी मला कधी कोणी आपणहून बोलावलेलं नाही.

एक ऑडिशन जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या मुलाच्याही वाट्याला ती येणार आहे. सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबई गाठली, तिथून वर्सोव्याला आरामनगरात. एका बैठ्या घराचं ऑफिस केलेलं, भिंतीला निळा पडदा, बाहेर पाच-सहा जण संवाद पाठ करत उभे. आत गेल्यावर नेहमीचं: नाव सांगा, वय, उंची, डावा प्रोफाइल, उजवा प्रोफाइल, दोन्ही हात पुढे. मी ओळख मराठीत दिली. कॅमेऱ्यामागचा मुलगा खूश झाला, म्हणाला, "अरे वा, तुम्ही तर मस्त बोलता." मग मी संवाद म्हटला. तो थोडा घुटमळला आणि म्हणाला, "दादा, जरा तोडून बोला ना. ह्या कॅरेक्टरला इतकं चांगलं मराठी येणार नाही."

मी विचारलं, हा माणूस इथे किती वर्षं राहतोय? कागदावरच लिहिलेलं होतं, नालासोपाऱ्यात पंधरा वर्षं. म्हटलं, पंधरा वर्षं जो भाजीवाल्याशी घासाघीस करतोय, घरमालकाशी भांडतोय, पोलिसांना उत्तरं देतोय, तो तोडकं कसं बोलेल? मुलगा भला होता. म्हणाला, "खरंय दादा, पण वरून असंच आलंय." मी नम्रपणे नाही सांगितलं आणि निघालो.

मला त्रास कशाचा होतो ते इथे सांगायला हवं. गुंडाच्या भूमिकेचा मला त्रास नाही; गुंड रंगवायला कुठल्याही नटाला आवडतं. पण डबिंगच्या स्टुडिओत माझ्याच आवाजात दक्षिणेतले गोरेगोमटे नायक खणखणीत मराठी बोलतात, तेव्हा कोणालाही काही खटकत नाही. जाहिरातीतला सासरा, कार्टूनमधला राजा, सगळे माझ्या गळ्यातून बोलतात. आणि त्याच गळ्याला माझा स्वतःचा चेहरा जोडला की मराठी मोडायला सांगतात. माझं मराठी माझ्या आईचं आहे. ती देवपूजा करताना स्तोत्रं म्हणायची आणि माझा एक उच्चार चुकला तर पुन्हा म्हणायला लावायची. चेहऱ्याला शोभत नाही म्हणून ते मोडायचं, हे माझ्याच्याने होत नाही.

स्वतःला काय समजावं, या प्रश्नाला फार वेळ देऊ नका. मुलगा 19 वर्षांचा आहे, त्याला ते ठाऊक असणार. मला लहानपणापासून लोक 'अर्धा हा, अर्धा तो' म्हणत आलेत, पण अर्धं असल्यासारखं मला कधी वाटलं नाही. आजी गुढीला साखरेची गाठी बांधायची तेव्हा मी पूर्ण तिथे होतो, आणि किसुमूला वडिलांच्या आईजवळ बसून तलावातला मासा उगालीबरोबर, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीबरोबर, खाताना पूर्ण तिथे होतो. गोंधळ समोरच्याचा होतो, आणि तो निस्तरायची जबाबदारी तो आपल्यावर टाकतो. तुमच्या मुलाला एवढंच सांगा की ती जबाबदारी दर वेळी घेतलीच पाहिजे असं नाही.

सिनेमाने मिश्र वंशाच्या नटांना दारं बंद ठेवली, असं मात्र म्हणता येत नाही. त्याने त्यांना आत घेतलं, पण बहुतेकदा काहीतरी लपवायच्या अटीवर. मर्ल ओबेरॉन 1911 मध्ये मुंबईत जन्मली, मिश्र वंशाची. हॉलिवूडमध्ये ती मोठी नायिका झाली, 1935 च्या एका चित्रपटासाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. पण आपण टास्मानियात जन्मलो असंच ती आयुष्यभर सांगत राहिली. तिचा दोष मला अजिबात दिसत नाही. तेव्हाच्या अमेरिकी चित्रपटसृष्टीच्या आचारसंहितेत गोऱ्या-काळ्यांचे संबंध पडद्यावर दाखवायलाच बंदी होती. तिने खरं सांगितलं असतं तर काम संपलं असतं. बेन किंग्जली जन्माने कृष्णा भानजी. वडिलांचं घराणं गुजराती, आई इंग्रज. नाव बदलल्यावर त्याला कामं मिळू लागली, आणि 1982 मध्ये ज्या भूमिकेने तो जगाला माहीत झाला ती होती गांधीजींची. समोर कस्तुरबा आपल्या रोहिणी हट्टंगडी. आपल्याकडे हेलनचं बघा. आई बर्मी, वडील अँग्लो-इंडियन, युद्धात रंगून सोडून लहानपणी चालत भारतात आलेली मुलगी. तिच्यासारखं नाचणारं दुसरं कोणी झालं नाही, पण कितीतरी वर्षं तिला दारूच्या अड्ड्यावरची बाईच करावी लागली, घरातली सून नाही.

आता थोडं बदलतंय. फॅशन डिझायनर मसाबा गुप्ताने 2020 मध्ये आई नीना गुप्तांबरोबर एका वेबमालिकेत स्वतःचीच भूमिका केली. वडील वेस्ट इंडिजचे क्रिकेटपटू विव्ह रिचर्ड्स, हे सगळ्या देशाला माहीत. मालिकेत धंद्याची ओढाताण होती, लग्न मोडल्याची गोष्ट होती, आईशी भांडणं होती. मला ती बघताना फार बरं वाटलं. पण ती स्वतः मसाबा आहे म्हणून ते झालं. एखाद्या अनोळखी मुलीला तशी भूमिका कोणी लिहिलेली माझ्या तरी बघण्यात नाही.

आपल्या गावाबद्दलही एक सांगतो, कारण 'हे चेहरे आपल्याकडचे नाहीत' हे वाक्य तुम्ही नाशिकमध्येही ऐकाल. तुम्ही शरणपूर रोडने ये-जा करत असाल. एकोणिसाव्या शतकात तिथे मिशनऱ्यांनी वसवलेली वस्ती होती. गुलामांची ने-आण करणारी गलबतं ब्रिटिश आरमार समुद्रात पकडायचं, आणि त्यातून सुटलेल्या आफ्रिकन मुलांपैकी काही इथे आणून ठेवली जायची. ती इथे लिहायला-वाचायला शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. 1866 मध्ये स्कॉटिश संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या मोहिमेवर निघाला तेव्हा त्याने इथले काही तरुण सोबत नेले. तो 1873 मध्ये आजच्या झांबियात वारला, तेव्हा त्याच्यासाठी अंत्यप्रार्थना म्हणणारा जेकब वेनराइट नाशिकमध्ये शिकलेला होता. पुढच्या वर्षी लंडनला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत लिव्हिंगस्टनचं दफन झालं, तेव्हा शवपेटी वाहणाऱ्यांत तो होता. इथल्या बऱ्याच जणांना पुढे मोम्बासाजवळच्या फ्रीअरटाउनला नेऊन वसवलं. माझ्या वडिलांच्या घराण्याचा त्यांच्याशी काही संबंध नाही. पण वडिलांनी ही माहिती कुठेतरी वाचली आणि त्यानंतर कितीतरी दिवस ते येईल त्या पाहुण्याला ती सांगत होते. या गावात आपल्याआधी आपल्यासारखे लोक राहून गेलेत, याचं त्यांना फार अप्रूप होतं.

आणि मलिक अंबर? इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस निजामशाहीचा वजीर झाला, त्याने खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवली, मोगलांना वर्षानुवर्षं दख्खनेत अडवलं. 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. ही आपली गोष्ट आहे, मराठी मुलुखातली. म्हणून सिद्दीची भूमिका आली की मी लगेच नाही म्हणत नाही. आधी संवाद मागून घेतो. सिद्दी जौहरने 1660 मध्ये भर पावसात पन्हाळ्याचा वेढा चालू ठेवला. तो तोलामोलाचा सेनापती होता म्हणून तर महाराजांच्या सुटकेची गोष्ट थरारक होते. असा सेनापती लिहिला असेल तर मी जीव तोडून करीन. दात दाखवून गुरगुरणारा राक्षस लिहिला असेल तर नाही करत. त्याने माझं नुकसान होतंच, पण महाराजांच्या पराक्रमाचंही होतं, हे निर्मात्यांना कसं कळत नाही याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आता कामाच्या दोन गोष्टी, ज्या मला कोणी सांगितल्या नव्हत्या.

पहिली प्रकाशाची. सेटवर बहुतेक वेळा लायटिंग नायिकेच्या चेहऱ्यावर सेट होतं आणि आपण त्याच फ्रेममध्ये उभे राहतो. तिचा चेहरा नीट उजळतो आणि आपले फक्त डोळे आणि दात दिसतात. मग कोणीतरी म्हणतं, "याच्यावर अजून एक लाइट मारा." समोरून लाइट मारला की चेहरा सपाट होतो, कपाळ चमकतं, गाल गायब. ही अडचण जुनी आहे. रंगीत फिल्मच्या काळात लॅबमध्ये रंग जुळवायला कोडॅकचं 'शर्ली कार्ड' वापरत, आणि त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असे. तिची त्वचा बरोबर आली की फोटो बरोबर. पुढच्या सगळ्यांच्या सवयी त्यावर बसल्या. उलट, हवं असलं की एका चेहऱ्यासाठी दिवासुद्धा तयार होतो: मर्ल ओबेरॉनच्या चेहऱ्यावर अपघाताचे व्रण होते, ते दिसू नयेत म्हणून कॅमेऱ्यावर बसवायचा खास लाइट बनवला गेला आणि तिच्या नावावरून त्याला 'ओबी' म्हणू लागले.

एका मराठी मालिकेच्या सेटवर मला एक कॅमेरामन भेटले. त्यांनी समोरचा लाइट बंद करायला लावला. एका बाजूला मोठा पांढरा कपडा ताणला आणि त्याच्यावर लाइट टाकून तो उजेड माझ्या गालावर घेतला. मेकअप दादा पावडरचा पफ घेऊन आले तर त्यांना थांबवलं, कारण पावडरने आपली त्वचा राख फासल्यासारखी करडी दिसते. गालाच्या हाडावर बोटाने जरासं खोबरेल लावलं. मॉनिटरवर मी स्वतःला बघितलं. कपाळावरची आठी, हनुवटीवरची बारीक खूण, खाली बघितल्यावर पापणीची सावली, सगळं दिसत होतं. माझ्या चेहऱ्यावरचं काम कॅमेऱ्याला पहिल्यांदा दिसलं. तेव्हा तुमच्या मुलाने स्वतःच्या शेडचं फाउंडेशन स्वतः घेऊन जावं, सेटवर ते नसतं. केस विंचरायला रुंद दातांचा कंगवा न्यावा. आणि कॅमेरा डिपार्टमेंटशी गोडीने बोलावं. बहुतेकांना शिकायचं असतं, त्यांच्यावर वेळेची घाई असते.

दुसरी गोष्ट भूमिकेची, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते.

राज्य नाट्य स्पर्धेला आमच्या गटाने एक नाटक केलं. दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदाराचं घर, दोन हंगाम अवकाळीने गेलेले, कर्ज थकलेलं. मी बँकेचा वसुली अधिकारी. आमच्या सरांनी मला ती भूमिका दिली तेव्हा तालमीत वाद झाला. एक जण म्हणाला, प्रेक्षक गोंधळतील, एखादं वाक्य टाकू या, 'साहेब दिसायला वेगळे आहेत, पण आपल्यातलेच आहेत' असं काहीतरी. दुसऱ्याने सुचवलं, निदान त्याचे वडील कोण हे कळू द्या. सर ऐकत होते. मग म्हणाले, "या घरात बँकेचा माणूस आलाय. बाप कोण, हे विचारायला कोणाला वेळ आहे?" आणि एकही वाक्य घातलं नाही.

प्रयोग साईखेडकर नाट्यगृहात होता. माझी एंट्री झाली, तशी प्रेक्षकांत कुजबुज झाली. मागे कोणीतरी हसलं. मी चपला दाराशी काढल्या, पाणी मागितलं, फाइल उघडली आणि थकबाकीचा आकडा सांगितला. तिथे कुजबुज थांबली. दुसऱ्या अंकात मी जप्तीची नोटीस भिंतीला चिकटवतो आणि शेतकऱ्याची बायको ती फाडते. त्या वेळी लोक माझ्यावर चिडले होते, स्टेजवर उभं राहून ते अंगाला जाणवतं. चिडले ते मी नोटीस आणली म्हणून. प्रयोगानंतर निफाडचे एक आजोबा रंगपटात आले. मला वाटलं, नेहमीचं विचारतील, तुम्ही कुठले, मराठी कसं काय येतं. त्यांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, "एवढ्यासाठी उभी बाग जप्त करता का हो तुम्ही? जरा एक हंगाम थांबायला काय झालं होतं?" त्यांचा थोरला मुलगा मागून ओढत होता, "अण्णा, नाटक आहे ते." मी त्यांची समजूत काढायला लागलो तर ते माझ्याशी व्याजदरावर बोलायला लागले.

ताई, त्या दिवशी मला जो आनंद झाला तो मला शब्दांत नीट सांगता येणार नाही. त्या माणसाच्या लेखी मी बँकवाला होतो. मला हवं असलेलं प्रतिनिधित्व ते हे. आमच्या जन्माची गोष्ट सांगणारे सिनेमेही यायला हवेत, जरूर यावेत. पण त्याहून जास्त भूक आहे ती अशा भूमिकांची, जिथे आमच्या चेहऱ्याचा खुलासा कोणी मागत नाही आणि गोष्ट पुढे जाते.

'प्रेक्षक स्वीकारणार नाहीत' असं जे म्हणतात, त्यांना मी दादासाहेब फाळक्यांचं नाव सांगतो. त्र्यंबकेश्वरला जन्मलेला, नाशिकमध्येच शेवटचा श्वास घेतलेला हा माणूस. 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये त्यांना तारामतीसाठी बाई मिळेना, तेव्हा त्यांनी मुंबईतल्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांना तारामती केलं. 1917 च्या 'लंकादहन'मध्ये तर साळुंकेच राम आणि साळुंकेच सीता. लोकांनी तो चित्रपट डोक्यावर घेतला. ज्या प्रेक्षकाच्या आजोबा-पणजोबांनी एकाच पुरुषात राम आणि सीता दोघांना पाहिलं, तो कुरळ्या केसांचा बँकवाला पाहून उठून जाईल, असं मला पटत नाही. कचरतो तो पैसे लावणारा.

तेव्हा मुलाला नाटकात घाला, आणि ते इथेच. मुंबईत पहिल्या दिवसापासून त्याला 'लूक'च्या खणात टाकतील. इथे एकांकिका स्पर्धा आहेत, कामगार कल्याणच्या स्पर्धा आहेत, राज्य नाट्य आहे. माणसं कमी असतात, आणि माणसं कमी असली की नटाला सगळं करायला मिळतं. सेल्फ टेप, म्हणजे ऑडिशनसाठी स्वतःच काढलेला व्हिडिओ, बनवेल तेव्हा पहिला तुकडा साध्या घरगुती मराठीत असू दे, एखादा भाऊ बहिणीला समजावतोय असा. गुंडाचा तुकडा नंतर. तोडकं बोलायला सांगितलं तर त्याने एकदा तरी विचारावं, हा माणूस इथे किती वर्षं राहतोय? काही दिग्दर्शक या प्रश्नावर थांबतात आणि संवाद बदलतात, हे मी पाहिलंय. काही चिडतात, ते काम जातं. घरखर्चासाठी डबिंग शिकू दे. आवाज चांगला असेल तर त्यात पैसे आहेत, जरी ते तीन-तीन महिन्यांनी येत असले तरी.

आणि तुम्ही सिडकोतच आहात, तर त्याला आमच्या तालमीला पाठवा. यंदाच्या नाटकात नायकाच्या धाकट्या भावाची भूमिका अजून कोणाला दिलेली नाही. मला इथेच मेसेज करा, पत्ता कळवतो. संध्याकाळी सातनंतर सगळे जमतात, पहिले काही दिवस नुसतं वाचनच असतं. त्याला म्हणावं, पेन्सिल घेऊन ये, सर संहितेत पेनाने खुणा करू देत नाहीत.